एक थेंब तेल

बंद पडायचं तर एकदाचं बंद पडावं, तर तेही नाही. थोरलीचा कॉम्प्युटर सकाळी शहाण्यासारखा सुरू व्हायचा, पत्रं उघडायचा, नकाशे उघडायचा, आणि खरं काम लावलं की वीस मिनिटांच्या आत डोळे मिटायचा. ना आवाज, ना धूर, ना तक्रार. पडदा काळा, खेळ खलास. पाच मिनिटं थांबून बटण दाबलं की पुन्हा काही झालंच नाही अशा थाटात सुरू. माणूस असं वागला असता तर त्याला दोन शब्द सुनावता तरी आले असते.

खरं काम म्हणजे काय ते आधी सांगते. थोरली इमारतींची चित्रं करायची, अजून बांधल्याच नव्हत्या अशा इमारतींची. आर्किटेक्टच्या ऑफिसातून नकाशे यायचे. ती त्यातून भिंती उभ्या करायची, खुर्च्या मांडायची, खिडकीतून ऊन आत सोडायची, आणि मग ते सगळं कॉम्प्युटरवर शिजायला टाकायची. ऑफिसात सगळे असंच म्हणायचे, शिजायला टाकणं. एक मोठं चित्र शिजायला चार-चार तास लागत, आणि तेवढा वेळ डब्यातला प्रोसेसर, म्हणजे सगळी आकडेमोड करणारा तो काडेपेटीपेक्षाही लहान चौकोन, जीव तोडून राबायचा. राबला की तापणारच. त्याला गार ठेवायला त्याच्या डोक्यावर पात्यापात्यांचा अॅल्युमिनियमचा ठोकळा आणि त्यावर पंखा. एवढा सरंजाम असूनही तो तापत होता, आणि शंभर अंशांपाशी पोचला की जळून जाण्यापेक्षा बरं म्हणून स्वतःच बंद होत होता.

या आजारपणात मागच्या आठवड्यात दोन चित्रं उशिरा गेली. ऑफिसच्या मॅडम काही वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर निदान मनातल्या मनात शिव्या तरी घालता आल्या असत्या. वर्षभरापूर्वी बाबा न्हाणीघरात घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं, तेव्हा याच मॅडमनी घरून काम करायची परवानगी दिली होती. ऑफिस दुसऱ्या गावात, बसने तीन तास. पण सोमवारी त्यांचा फोन आला तो अगदी सरळ. हॉस्पिटलच्या वेटिंग रूमचं चित्र शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत आलं पाहिजे, तिसऱ्यांदा उशीर झाला तर पुढच्या सोमवारपासून तुम्ही इथे येऊन काम करा, माझाही नाइलाज आहे, असं त्या म्हणाल्या. थोरली हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

इथे येऊन काम करा म्हणजे त्याच गावात राहायला जा, आणि बाबांना धाकट्याकडे ठेव. बाबांना दिवसभर एकटं सोडायची सोय उरली नव्हती. धाकटा भाऊ चांगला, भावजयही चांगली, पण घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट रोज रुसलेली, आणि बाबांची झोपायची जागा म्हणजे हॉलमधला सोफा. हाड मोडल्यानंतरचा पहिला महिना ते तिथे राहून आले होते. परत आले ते अर्धे होऊन. कुणी काही त्रास दिला नव्हता, पण त्यांच्यासाठी तिथे काहीच करण्यासारखं नव्हतं, आणि त्यांचा प्रत्येक खोकला सगळ्या घराला ऐकू जायचा. दोन आठवडे त्यांनी घरी येऊनही तोंड उघडलं नाही. पुन्हा त्यांना तिकडे पाठवायचं थोरलीच्या जिवावर यायचं. तरी सोमवारी संध्याकाळी तिने गॅलरीत उभं राहून, दार लोटून घेऊन, धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, आण की ताई, सोफा आहेच. बाबांना तिने यातला एक शब्द सांगितला नाही.

बाबा चाळीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करणारे. गावात शिंप्याचं असं एक दुकान नसेल ज्याच्या मशीनला त्यांचा हात लागला नाही. दुकान बंद करून सहा वर्षं झाली होती, पण स्क्रूड्रायव्हरची पेटी कॉटखालीच असायची. दिवसभर ते थोरलीच्या खुर्चीमागे आपली खुर्ची टाकून बसत आणि कॉम्प्युटरकडे रोग्याकडे बघावं तसे बघत. पंखा कुरकुरतोय, म्हणायचे. या डब्याला वारा कुठून येतो, विचारायचे. तिला कधी बरं वाटायचं, कधी डोकं उठायचं. या आठवड्यात बहुतेक वेळा डोकंच उठलं.

मंगळवारी दुरुस्तीवाला आला. घाईतला माणूस, कानाला फोन, हातात टॉर्च. त्याने डब्याची बाजू उघडली, ठोकळ्याचे चार स्क्रू काढले, तो उचलला आणि प्रोसेसरची उष्णता ठोकळ्यापर्यंत पोचवणारी, आता वाळून खडखडीत झालेली पेस्ट थोरलीला दाखवली. हेच तुमचं दुखणं, म्हणाला. जुनी पेस्ट खरवडून त्याने एका पिचकारीतून नवी करडी पेस्ट घातली, ठोकळा बसवला, स्क्रू आवळले. सगळं होईपर्यंत बाबा त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते, इतके जवळून की त्याने दोनदा, काका जरा उजेड सोडा, असं म्हटलं. तो गेला आणि थोरलीने दोन लहान चित्रं शिजायला टाकली. तापमान पडद्याच्या कोपऱ्यात दिसेल असं तिने लावून ठेवलं होतं. आकडा पासष्टच्या वर गेला नाही. त्या दिवशी तिला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

बुधवारी मोठ्या चित्राचा शेवटचा नकाशा आला. तिने अकरा वाजता काम लावलं आणि एकोणिसाव्या मिनिटाला पडदा काळा.

तिचा आधी विश्वासच बसेना. पुन्हा लावलं, सतराव्या मिनिटाला बंद. मग सुरू झाली ती दोन दिवसांची फरफट. तिने डब्याची बाजू काढून ठेवली. रंगकामाचा ब्रश घेऊन कानाकोपऱ्यातली धूळ झाडली. टेबलावरचा पंखा डब्याच्या तोंडाशी लावला, त्यामुळे तिचे कागद उडाले आणि आकडा दोन अंशांनी उतरला. टेबल ओढत खिडकीशी नेलं. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो भडकलाच. माझं काम पक्कं आहे ताई, प्रोसेसरच म्हातारा झालाय, दुसरा कॉम्प्युटर बघा. दुसरा यायला पुढचा आठवडा उजाडणार होता, म्हणजे तो आला काय नि न आला काय. काम तुकड्यातुकड्यांनी करावं म्हटलं, तर एकदा बंद पडलं की पुन्हा पहिल्यापासून. गुरुवारी तर तेराव्या मिनिटालाच गेला. ती नुसती त्या आकड्याकडे बघत बसायची. सत्तर, ऐंशी, नव्वद, पंच्याण्णव. आकडा चढायला लागला की तिच्याही कानशिलांत ठणकायला लागायचं. जेवण गरम आहे की गार, तिला कळत नव्हतं. बाबा विचारायचे, आज कसा आहे, आणि ती तुटक काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची.

शुक्रवारी बारा वाजता तो पुन्हा बंद पडला तेव्हा तिने ठरवलं की आता सोक्षमोक्ष लावायचा. सहा तास उरले होते. बाबा जेवून आतल्या खोलीत आडवे झाले होते. तिने वायर काढली, डबा आडवा केला, आणि ठोकळ्याचे चार स्क्रू स्वतः सोडवले. आयुष्यात पहिल्यांदा. एक नवल तिला जाणवलं, की स्क्रू फारच सहज फिरत होते, जणू रोजच्या रोज उघडझाप असावी.

ठोकळा उचलला. खाली प्रोसेसर आरशासारखा चमकत होता.

ती बघतच राहिली. पेस्टचा कण नाही. ठोकळ्याचा तळही तसाच, घासूनपुसून लख्ख. आणि मग तिला वास आला. तो वास तिला शोधावा लागला नाही. लहानपणी शाळेतून परत येताना बाबांच्या दुकानाच्या पायरीवर पाऊल ठेवलं की यायचा तोच, पातळ, थंड, मशीनच्या तेलाचा. चौकोनाच्या मधोमध त्याचा एक थेंब पसरलेला होता. बरोबर एक. बाबा कधीही जास्त तेल घालायचे नाहीत.

तिला सगळं एका झटक्यात समजलं. दुसऱ्याच्या हाताखालून आलेलं मशीन बाबा आधी उघडायचे, त्याने ठेवलेला मळ पुसायचे, धातू चकचकीत करायचे, मग एक थेंब तेल, आणि मगच गिऱ्हाईकाला सांगायचे काय बिघडलंय ते. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. मंगळवारी त्यांनी खांद्यावरून वाकून बघितलं ते काय, तर एक घाईतला पोरगेला माणूस यंत्राच्या काळजावर करडा चिखल थापतोय आणि वर झाकण लावून निघून जातोय. बाबांच्या जिवाला ते कसं सहन होणार? ती झोपेत असताना पहाटे उठून त्यांनी ते साफ केलं असणार. आणि बुधवारी बंद पडलं म्हणून गुरुवारी पुन्हा, आणि आज पुन्हा.

अंगाचा नुसता तिळपापड झाला तिच्या. तशीच उठून ती आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली. बाबा कुशीवर झोपले होते, चष्मा उशाशी, एक हात गालाखाली. ती दारातच उभी राहिली. तीन दिवस. तीन दिवस तिने त्या डब्यापुढे नाक घासलं होतं, दुरुस्तीवाल्याशी भांडण केलं होतं, देवाला नसेल तेवढ्या वेळा त्या आकड्याला विनवलं होतं, आणि रोग घरातच पहाटे उठून चहाच्या आधी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसत होता. रडावं की ओरडावं तेही तिला ठरवता येईना, इतकी ती दमली होती. ती परत फिरली आणि दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

तो आधी ऐकायलाच तयार नव्हता. तिने तेलाचं सांगितलं तेव्हा मात्र त्याने ऐकून घेतलं. मग तो हसला, पण चिडवल्यासारखा नाही. दुकानात या, पिचकारी देतो, डाळीच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे, आधी तेल नीट पुसा, असं म्हणाला. दुकान पायी वीस मिनिटांवर. शेजारणीला बाबांकडे लक्ष ठेवायला सांगून ती भर उन्हात जाऊन आली. परत पोचली तेव्हा पावणेदोन झाले होते आणि बाबा उठून काठी टेकून उघड्या डब्यापाशी उभे होते.

वाटेत तिने एक ठरवलं होतं. गुपचूप पेस्ट लावून मोकळं होणं सोपं होतं. पण मग उद्या पहाटे बाबा ती पुन्हा पुसणार. सांगायलाच हवं होतं. रागावून सांगायचं तर तेवढी ताकद नव्हती, म्हणून तिने सरळ सांगितलं.

"बाबा, इथे काहीच फिरत नाही. सुई नाही, शटल नाही, काही घासत नाही. हे दोन धातू नुसते एकमेकांना टेकून बसतात. वरून गुळगुळीत दिसले तरी मध्ये बारीक फट राहते, आणि त्या फटीत उष्णता अडकते. ती करडी पेस्ट त्या फटीत भरायची असते."

बाबांनी तिच्या हातातल्या पिचकारीकडे बघितलं, मग चकचकीत चौकोनाकडे. कुणी गिऱ्हाईकाने भर दुकानात मशीन परत आणून आपटावं, तसं त्यांचं तोंड झालं होतं.

"म्हणजे तो मळ नव्हता," ते म्हणाले.

"नव्हता."

"तीन दिवस मी..." एवढंच बोलून ते खुर्चीवर बसले. थोरलीला त्यांची कीव आली आणि कीव आल्याचा रागही आला. घड्याळाकडे बघत तिने पिचकारी त्यांच्या हातात दिली. तुम्हीच घाला, म्हणाली. हे काही त्यांचं मन राखायला नव्हतं. त्यांनी स्वतः घातल्याशिवाय त्यांच्या बोटांना ते पटणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बाबांनी आधी स्पिरिट मागितलं. जखमा धुवायचं होतं ते चाललं. कापसाने त्यांनी आपलंच तेल पुसून काढलं, एकदा, दोनदा, तीनदा, आणि बोट लावून वास घेऊन पाहिला. दाणा केवढा, तुरीचा की मसुरीचा, असं विचारलं. तिला हसू आलं नाही, पण दुसऱ्या एखाद्या दिवशी नक्की आलं असतं. मसुरीएवढा थेंब त्यांनी बरोबर मधोमध ठेवला. ठोकळा सरळ वरून खाली टेकवला, जरासुद्धा न हलवता. स्क्रू समोरासमोरचे जोडीने आवळले, आधी अर्धे, मग पुरते. सहा वर्षांनी कुणीतरी त्यांच्या हातात काम दिलं होतं, आणि हात ते विसरले नव्हते.

सव्वादोनला तिने चित्र लावलं. पूर्ण शिजायला चार तास, म्हणजे सव्वासहा. म्हणून लावण्याआधीच तिने नाइलाजाने खिडक्यांच्या काचांतली प्रतिबिंबं काढून टाकली होती, त्यामुळे अर्धा तास वाचला. मग दोघं बसून राहिले. पन्नास. अठ्ठावन्न. चौसष्ट. एकोणिसावं मिनिट. सहासष्ट. विसावं मिनिट गेलं, चाळिसावं गेलं, पहिला तास गेला. आकडा अडुसष्टवर जाऊन बसला तो बसलाच. पडद्यावर हळूहळू वेटिंग रूम दिसायला लागली, आधी धुरकट, मग खुर्च्या, मग फरशीवरचं ऊन. बाबांनी मध्ये एकदाच तोंड उघडलं. खुर्च्यांना हात हवेत, म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला उठताना धरायला. तिने मान डोलावली. आता बदलायला वेळ नव्हता.

पावणेसहाला चित्र गेलं. सहाला पाच मिनिटं कमी असताना मॅडमचं उत्तर आलं. मिळालं. काचा जरा मेल्यासारख्या वाटतात, पण चालेल. सोमवारी पुढचं पाठवते, घरूनच करा.

थोरलीने ते दोनदा वाचलं. काम वेळेत पोचलं, एवढंच ती बाबांना म्हणाली. बाकीचं सांगायची गरजच नव्हती, कारण तिच्या समजुतीप्रमाणे त्यांना ते माहीतच नव्हतं. बाबा बरं म्हणाले, आणि गुडघ्यावर हात ठेवून तसेच बसून राहिले. दुपारपासून ते एकाच जागी बसले होते आणि आता खिडकीतून गार वारा यायला लागला होता. तुमचा स्वेटर आणते, असं म्हणून ती आतल्या खोलीत गेली.

कपाटातला बाबांचा कप्पा रिकामा होता. स्वेटर नव्हता, सदरे नव्हते, टॉवेल नव्हता. तिने खालचा कप्पा उघडला, तोही रिकामा. मग तिने वाकून कॉटखाली बघितलं. स्क्रूड्रायव्हरच्या पेटीशेजारी त्यांची प्रवासाची बॅग होती, चेन लावून बंद केलेली, फुगलेली. तिने चेन ओढली. सगळ्यात वर औषधांचा डबा, त्याखाली घड्या घातलेले कपडे, आईचा लहानसा फोटो, आणि कडेला नीट दुमडून ठेवलेली एक चादर. धाकट्याच्या सोफ्याच्या मापाची.

बाबा दारात आले होते. काठी न घेता, भिंतीला धरत धरत, आता चौकटीला धरून.

"सोमवारी गॅलरीत बोललीस ना, तेव्हा मी न्हाणीघरात होतो," ते म्हणाले. "खिडकी उघडी होती."

थोरलीचा हात बॅगेवर तसाच राहिला.

"मला जायचं नव्हतं गं," बाबा म्हणाले. "म्हणून ते मशीन साफ करत होतो. आणि नाहीच जमलं, तर तुला तोंडाने सांगायला लागू नये, म्हणून बॅग भरली."

ती कॉटच्या कडेला बसली आणि चार दिवसांत पहिल्यांदा रडली, आवाज न लपवता, नाक न पुसता. बाबा चौकटीला धरूनच उभे राहिले. त्यांना तिच्यापाशी यायचं होतं, पण मधली पाच पावलं काठीशिवाय जमणार नव्हती, हे दोघांनाही दिसत होतं. मग तीच उठली. त्यांचा हात धरून त्यांना कॉटवर बसवलं, बॅग मधे ओढली, आणि एकेक सदरा काढून कपाटात ठेवायला लागली.